खाणीची वाट विमानतळावरून

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याच्या अंतर्भागात, मॅकाय बंदरापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत, मोरानबा नावाचे एक गाव आहे. १९७० च्या आगेमागे गुनिएला आणि पीक डाउन्स येथील कोळशाच्या खाणी खुल्या झाल्या, त्या वेळी खाणमालकांनीच उजाड माळावर आखणी करून हे गाव वसवले. त्याचे रस्ते, शाळा, इस्पितळ, खेळाची मैदाने ही सारी त्या कोळशाच्या निमित्तानेच उभी राहिली, आणि तेथे जन्मलेल्या दुसऱ्या पिढीने खाणीतली नोकरी हा आपला जवळजवळ वारसाहक्कच मानला. या गावाच्या पंचक्रोशीत पुढे डॉनिया आणि कॅव्हल रिज या दोन नव्या खाणी निघाल्या. २०११ च्या सुमारास राज्य सरकारने त्यांच्या मालकांना अशी मुभा दिली की, या खाणींवरचे सर्वच्या सर्व कामगार केर्न्स आणि ब्रिस्बेन या दोन शहरांतून विमानाने आणावेत, पाळ्यांचे दिवस भरले की विमानानेच परत पोचवावेत, आणि दरम्यान त्यांना खाणीलगतच्या छावणीत ठेवावे.

या परवान्याचा व्यवहारातला अर्थ मोरानबाच्या रहिवाशांना लवकरच उमगला. घराच्या व्हरांड्यातून खाणीच्या दिव्यांचा उजेड दिसत असला, बापाने तीस वर्षे त्याच कोळशाच्या थरावर यंत्र चालवले असले, तरी त्या गावच्या तरुणाला या नव्या खाणींत नोकरी हवी असेल तर आधी शेकडो किलोमीटर दूरच्या शहरात बिऱ्हाड हलवणे भाग होते. आणि तसे बिऱ्हाड हलवल्यावर तोच तरुण विमानाने पुन्हा आपल्याच गावच्या धावपट्टीवर उतरून बसने कामावर जाणार होता. अर्जाच्या नमुन्यात विचारला जाणारा राहण्याचा पत्ता हा एरवी पत्रव्यवहाराच्या सोयीचा तपशील; येथे तोच पात्रतेचा निकष होऊन बसला.

मोरानबाची ही कैफियत मांडताना केर्न्सची बाजू झाकून ठेवणे न्यायाचे होणार नाही. केर्न्स हे उष्ण कटिबंधातले, ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळभित्तीच्या दर्शनासाठी येणाऱ्या प्रवाशांवर जगणारे शहर आहे. २००८ च्या जागतिक आर्थिक अरिष्टानंतर ते प्रवासी रोडावले, ऑस्ट्रेलियन डॉलर महागल्यामुळे जपानी पाहुणा दुसरीकडे वळला, बांधकामे अर्ध्यावर थांबली, आणि त्या मुलुखातील बेकारीचे प्रमाण दोन अंकी झाले. नौकांवरचे खलाशी, हॉटेलांतले आचारी, सुतार, गवंडी, वीजतंत्री अशी हाताला काम न उरलेली माणसे एकीकडे आणि माणसांसाठी आसुसलेल्या खाणी दुसरीकडे. मध्ये फक्त एका विमानफेरीचे अंतर. बेकारीने गांजलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून खाणीसाठी नोकरभरती करावी, ही कल्पना सरकारला, कंपनीला आणि खुद्द बेकारांनाही एकाच वेळी पटली, यात नवल नाही. शिवाय त्या तेजीच्या काळात मोरानबातील साध्या घराचे भाडे आठवड्याला दोन हजार डॉलरांच्या घरात गेलेले होते. बाहेरून येणाऱ्या कुटुंबाला तेथे बिऱ्हाड थाटणे अशक्यच झाले होते. बायकोची नोकरी, मुलांची शाळा आणि म्हाताऱ्या आईबापांचा शेजार न सोडता खाणीचा पगार घरी येत असेल, तर तो नाकारणाऱ्याला दोष देणे सोपे. स्वीकारणाऱ्याला तो कोणत्या तोंडाने द्यावा?

या प्रथेला तेथे चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘फिफो’ म्हणतात: विमानाने जाणे आणि विमानाने येणे. तिचा उगम शोधायचा तर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा प्रदेशाकडे वळावे लागते. लोहखनिजाच्या निर्यातीवर १९३८ पासून असलेली बंदी १९६० साली सैल झाली आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत त्या तांबड्या, तापलेल्या, जवळपास निर्मनुष्य भूमीवर टॉम प्राइस, पॅराबर्डू, न्यूमन, पॅनावॉनिका अशी कंपनीची गावे एकामागून एक उभी राहिली. खाण म्हटली की गाव हे त्या काळचे समीकरण होते. किंबहुना खनिजाचा पट्टा देताना सरकारच अशी अट घाली की, घरे, पाणी, वीज, शाळा यांचा बंदोबस्त कंपनीने करावा. परंतु गाव वसवणे हा दीर्घ मुदतीचा संसार असतो आणि खनिज तर एक दिवस संपते. माउंट गोल्ड्सवर्दीचे खनिज सरले तेव्हा तेथले गाव अक्षरशः मोडून, घरे उचलून, जमीन सपाट करून टाकण्यात आली. एवढा खर्च एकदा करायचा आणि पुन्हा मोडण्यासाठीही करायचा, यापेक्षा माणसांची ने-आण स्वस्त पडते, हा हिशेब मालकांच्या ध्यानात येऊ लागला. त्यातच १९८६ साली ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती सरकारने, नोकरांना पगाराखेरीज दिल्या जाणाऱ्या सवलतींवर मालकाकडून कर घेण्याचा कायदा केला. कंपनीच्या घराचे सवलतीचे भाडे त्या कराच्या तडाख्यात सापडले आणि हिशेबाचे पारडे विमानाकडे झुकले. किंबर्ली प्रदेशातील आर्गाइल येथील हिऱ्यांच्या मोठ्या खाणीने तर १९८० च्या दशकात गाव वसवण्याचा विचारच सोडून दिला आणि सुमारे दोन हजार किलोमीटर दूरच्या पर्थ शहरातून कामगार आणले. त्याच खाणीने पुढे, २००० नंतर, जवळच्या कनुनरा गावातून व तेथील आदिवासी समाजातून माणसे घेण्याचा प्रयत्न केला. आणि २०२० साली ती बंद झाली तेव्हा मागे मोडण्यासारखे गाव नव्हते. गाव न वसवण्याच्या बाजूने जे काही बोलता येईल ते या एका वाक्यात येते, आणि त्याच्या विरुद्ध जे बोलायचे तेही.

भरतीची प्रत्यक्ष रीत पाहिली म्हणजे उमेदवारावर पडणारा भार ध्यानात येतो. मोठ्या कंपनीच्या नावाकडे पाहून अर्ज करणाऱ्याला बहुधा त्या कंपनीची नोकरी मिळत नाही. त्याची गाठ पडते ती मनुष्यबळ पुरवणाऱ्या मक्तेदाराशी. पहिली मुलाखत फोनवर होते. मग वैद्यकीय तपासणी, आणि ती नावापुरती नसते: डोळे, कान, फुप्फुसांची ताकद, पाठीचा कणा, वजन उचलण्याची व वाकून काम करण्याची क्षमता, आणि मादक द्रव्यांसाठी लघवीची चाचणी. पाठीचे जुने दुखणे निघाले की, वीस वर्षांचा अनुभव असूनही, अर्ज तेथेच थांबतो. त्याखेरीज उंचीवर काम करण्याचा, बंदिस्त जागेत उतरण्याचा, अवजड वाहनाचा असे दाखले लागतात, आणि ते मिळवण्याचे अभ्यासक्रम पुष्कळदा स्वतःच्या खर्चाने करावे लागतात. पर्थसारख्या शहरांत, मोठा डंपर चालवण्याचे काही दिवसांचे शिक्षण देऊन खाणीतल्या नोकरीची आशा विकणारा एक व्यवसायच निर्माण झाला. अडीचशे टन माती पाठीवर वाहणारी ती गाडी, तिच्या चाकाची उंची दोन माणसांएवढी. अभ्यासक्रमात ती हाताळायला मिळाली तरी जाहिरातीत मात्र प्रत्यक्ष खाणीवरचा अनुभव मागितलेला असतो. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, या फेऱ्यात बेकार मनुष्याच्या गाठीचे होते नव्हते ते पैसे खर्च होतात. माझ्या मते, बेकारांच्या गावातून भरती करू म्हणणाऱ्या कोणत्याही सरकारने पहिला हात घालायचा तो येथे: दाखल्याचा खर्च मालकाने सोसावा, आणि अभ्यासक्रमाची फी घेण्यापूर्वी नोकरीचा देकार हाती असावा.

जो या चाळणीतून पार पडतो त्याच्या कामाचे स्वरूप ऐकण्यासारखे आहे. पाळी बारा तासांची. आठ दिवस काम आणि सहा दिवस घर, किंवा दोन आठवडे काम आणि एक आठवडा घर, आणि नव्या खाणीच्या बांधकामावर तर चार आठवडे काम आणि एकच आठवडा घर, अशी वेळापत्रके रूढ आहेत. छावणीतली खोली म्हणजे कारखान्यात तयार करून ट्रकवर लादून आणलेल्या लांबट पेटीचा एक कप्पा. त्याला तेथे ‘डाँगा’ म्हणतात. त्यात एक पलंग, छोटा फ्रीज, भिंतीवर टीव्ही, वातानुकूलनाचे यंत्र आणि लगतची न्हाणी. रात्रपाळीवाल्याला दिवसा झोप यावी म्हणून खिडकीला उजेड रोखणारा जाड पडदा. पुष्कळ छावण्यांत हीच खोली पुढच्या खेपेला आपल्याला मिळेल याची खात्री नसते, त्यामुळे भिंतीवर मुलाचे चित्र लावण्यातही अर्थ उरत नाही. पहाटे चारच्या सुमारास भोजनगृहात न्याहारी करायची, मांडलेल्या पदार्थांतून दुपारचा डबा आपल्या हाताने भरायचा, बसमध्ये बसण्याआधी श्वासाची चाचणी द्यायची. आदल्या रात्रीच्या मद्याचा अंशही निघाला तर त्या दिवसाचे काम गेले, कदाचित नोकरीही.

भरती करणारा यातले पगाराचे वाक्य मोठ्याने बोलतो आणि बाकीचे हळू आवाजात. त्याचे परिणाम ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक दस्तऐवजांत नमूद आहेत. संसदेच्या प्रादेशिक ऑस्ट्रेलियाविषयीच्या समितीने, टोनी विंडसर यांच्या अध्यक्षतेखाली, फेब्रुवारी २०१३ मध्ये आपला अहवाल सादर केला तेव्हा त्याच्या शीर्षकातच विचारले होते की, ही प्रथा म्हणजे ग्रामीण मुलुखाला जडलेला कर्करोग की शहरांची तारणहार? पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळाच्या समितीने २०१५ साली, खाणींवर घडलेल्या आत्महत्यांच्या वार्तांनंतर, या कामगारांच्या मनःस्वास्थ्याची चौकशी केली आणि घरचे दिवस व कामाचे दिवस समसमान असावेत अशा वेळापत्रकाचा आग्रह धरला. २०१८ साली त्याच राज्याच्या मनःस्वास्थ्य आयोगाने करविलेल्या अभ्यासात असे आढळले की, या कामगारांपैकी सुमारे ३३ टक्के तीव्र किंवा अतितीव्र मानसिक क्लेशात होते. तुलनेसाठी घेतलेल्या इतर कामगारांत हे प्रमाण १७ टक्के होते. २०२२ साली आणखी एका समितीने छावण्यांत स्त्री कामगारांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारांचे जे वर्णन केले ते वाचताना मन विषण्ण होते. दारांची कुलुपे, वाटांवरचे दिवे, मद्यविक्रीवरचे निर्बंध या गोष्टी त्यानंतर कोठे कंपन्यांच्या खर्चाच्या पत्रकात आल्या. मॅकायहून विमानाऐवजी मोटारीने ये-जा करणाऱ्यांची कथा निराळीच: शेवटची पाळी संपवून, झोप डोळ्यांवर असताना, शेकडो किलोमीटर गाडी हाकत घर गाठण्याच्या घाईत जे मेले, त्यांच्या मृत्यूंची चौकशी क्वीन्सलंडच्या कोरोनरला करावी लागली.

नोकरीच्या स्थैर्याविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. क्लेरमाँट येथील कोळशाच्या खाणीवर मक्तेदारामार्फत लागलेला एक डंपरचालक सात दिवस काम, सात दिवस विश्रांती अशा ठरलेल्या पाळीने काम करीत होता. त्याचे वेळापत्रक वर्षभर आधी छापून मिळे, तरी कागदोपत्री तो ‘कॅज्युअल’, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत रोजंदार होता, आणि रोजंदाराला भरपगारी रजा नाही. तो न्यायालयात गेला आणि २०१८ साली जिंकला. परंतु दुसऱ्या अशाच कामगाराच्या खटल्यात, २०२१ साली, सर्वोच्च न्यायपीठाने करारनाम्यातील लेखी शब्दांना प्रमाण मानून निकाल मालकाच्या बाजूने दिला. पुढे २०२३ च्या कायद्याने मक्तेदाराच्या कामगाराला कंपनीच्या कामगाराइतकेच वेतन मागण्याची वाट मोकळी केली. एका डंपरचालकाच्या रजेचा प्रश्न देशाच्या कायद्यापर्यंत पोचायला एवढी वर्षे लागली.

बेकारांच्या गावांतून दूरच्या खाणीसाठी भरती कशी करावी, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत विचारपूर्वक उदाहरण कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातले आहे. त्या प्रांताचा उत्तर भाग क्षेत्रफळाने जवळजवळ निम्मा, पण लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत. वस्ती मुख्यतः डेने, क्री आणि मेटी समाजांची, तळ्याकाठच्या विरळ खेड्यांतून पसरलेली. तेथेच युरेनियमचे जगातील अतिसमृद्ध साठे आहेत. जुन्या पद्धतीचे युरेनियम सिटी हे खाणीचे नगर तेथे होते. मालकाने १९८१ च्या अखेरीस खाण बंद करण्याचे जाहीर केले आणि १९८२ सालात हजारोंची ती वस्ती ओस पडली. त्याच्या आधीच, १९७५ साली, रॅबिट लेक येथील खाणीने गाव न वसवता सात दिवस काम, सात दिवस घर ही पद्धत सुरू केली होती, आणि पुढे की लेक, मॅकआर्थर रिव्हर या खाणींनी तीच चालवली. महत्त्वाचा फरक असा की, सरकारने जमिनीचा पट्टा देतानाच कंपनीवर उत्तरेच्या रहिवाशांना नोकऱ्या देण्याचे बंधन करारात घातले, आणि ‘उत्तरेचा रहिवासी’ कोण याची व्याख्या दीर्घ वास्तव्यावरून ठरवली. मग विमानेही त्या बंधनाप्रमाणे उडू लागली: दक्षिणेतल्या शहरातून थेट खाणीवर न जाता ती वाटेत उत्तरेच्या खेड्यांतील छोट्या धावपट्ट्यांवर उतरतात, चार-सहा माणसे घेतात आणि पुढे जातात.

सात दिवसांची ही विभागणी त्या समाजाला मानवली याचे एक कारण असे की, घरचा आठवडा मासेमारीला, मूसच्या शिकारीला, सापळ्यांच्या फेरीला मोकळा राहिला. पगार आला म्हणून रानाशी असलेले नाते तोडावे लागले नाही. तरीही ही व्यवस्था निर्दोष नव्हे. पगार हाती आल्यावर काही कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठी, बऱ्या घरासाठी दक्षिणेतल्या प्रिन्स अल्बर्ट वा सस्काटूनला निघून गेली, आणि ज्या खेड्यात तो पगार खेळावा या हेतूने विमान उतरवले होते, तेथून तो पगारच उठून गेला. शिवाय फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर युरेनियमचे भाव कोसळले तेव्हा २०१८ साली मॅकआर्थर रिव्हर आणि की लेक दोन्ही ठिकाणचे काम थांबले, ते २०२२ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात त्या धावपट्ट्यांवर विमान यायचे थांबले की काय होते, हे ज्या गावात दुसरी पगाराची नोकरीच नाही तेथील माणसालाच विचारावे.

मराठी वाचकाला हे सारे सातासमुद्रापलीकडचे वाटू नये. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, समुद्रात, १९७४ साली तेल लागले तेव्हापासून ‘बॉम्बे हाय’च्या फलाटांवर चौदा दिवस काम आणि चौदा दिवस घर ही पाळी चालत आली आहे, जुहूहून हेलिकॉप्टर उडते आणि ‘ऑफशोअरला असतो’ एवढ्या एका वाक्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतले लोक घरधन्याची अनुपस्थिती सांगतात. आपल्याला तर घरापासून दूरच्या पगाराची सवय त्याहूनही जुनी: रत्नागिरीच्या गावांनी गिरणीतल्या चाकरमान्यांच्या मनिऑर्डरीवर पिढ्या काढल्या. पण समुद्रातल्या या कामातही दोन दर्जे आहेत. तेलकंपनीच्या कायम नोकराला चौदा दिवसांची हमी आहे. मक्तेदाराच्या, आणि त्याच्याही पोटमक्तेदाराच्या, माणसाला पुष्कळदा तीही नसते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ ही निवासी बार्ज बुडाली. तिच्यावर २६१ माणसे होती आणि त्यांतली १८६ वाचली. बहुतेक सारे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून, ठेकेदारांमार्फत कामाला आलेले होते. आयटीआयचा दाखला घेऊन एजंटाकडे जाणाऱ्या मुलाला पगार किती ते पहिल्याच भेटीत कळते. पण करार कोणाशी, पाळी किती दिवसांची, परत आणण्याची जबाबदारी कोणाची आणि वादळाच्या इशाऱ्यानंतर किनाऱ्यावर आणण्याचा हुकूम कोण देणार, हे त्याला सही करण्यापूर्वी कागदावर मिळाले पाहिजे.

क्वीन्सलंडने आपला निर्णय अखेर फिरवला. २०१७ साली तेथील विधिमंडळाने खाणपट्ट्यांतील गावांच्या स्थैर्यासाठी कायदा केला आणि ३० मार्च २०१८ पासून तो अमलात आला. शंभर वा अधिक कामगार असलेल्या मोठ्या प्रकल्पाला, त्याच्या जवळ गाव असेल तर, सर्वच्या सर्व कामगार विमानाने आणण्याची मनाई झाली. ‘जवळ’ म्हणजे सर्वसाधारणपणे १२५ किलोमीटरांच्या आत, आणि गाव म्हणजे दोनशेहून अधिक वस्तीचे. स्थानिक रहिवाशाने अर्ज करू नये अशा अर्थाची जाहिरात देणे हाच भेदभाव ठरला, आणि त्याविरुद्ध भेदभावविरोधी कायद्याखाली दाद मागण्याची सोय झाली. नव्या खाणीने परवान्यापूर्वीच कामगार कोठून घेणार याची योजना सादर करावी, आणि तिच्यात आधी लगतच्या गावातील, मग त्या प्रदेशातील, आणि त्यानंतर त्या प्रदेशात राहायला येण्यास तयार असलेल्या माणसांचा विचार व्हावा, असा क्रमही घालून देण्यात आला. केर्न्सच्या बेकाराचे काय, याचे उत्तर त्या क्रमात शेवटी-शेवटी मिळते, आणि त्याला मोरानबाच्या तरुणाशी झुंजवण्याची वेळ मुळात का यावी, याचे उत्तर मात्र त्यात नाही. सस्कॅचवानमध्ये विमान किती थांबे घेणार हे पट्ट्याच्या करारातच ठरले, म्हणून तेथे एका गावाचा घास काढून दुसऱ्याला द्यावा लागला नाही. क्वीन्सलंडलाही मोरानबाची बस आणि केर्न्सचे विमान या दोहोंची तरतूद २०११ साली एकाच परवान्यात करता आली असती. गडचिरोलीच्या लोहखनिजाचे किंवा पश्चिम किनाऱ्यावरच्या नव्या तेलक्षेत्राचे पट्टे देताना आपल्या सरकारने ती तरतूद पहिल्याच कागदात, जाहिरात निघण्यापूर्वी, लिहून घ्यावी.